शरदातले शांत रस्ते : पुणे–भोर–मांढरदेवी–वाई या सायकलफेरीविषयी मार्गदर्शन हवे आहे

रानवाट (पुणे)

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षे मी पुण्यात आणि पुण्याच्या आसपास नियमितपणे सायकल चालवते आहे. माझे वय ४७ असून सोबतीला माझा १९ वर्षांचा भाचा असतो. पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंत जे चार-पाच आठवडे मिळतात, त्यांतच लांबची फेरी करावी असे आम्हा दोघांना मनापासून वाटते. कारण त्या दिवसांत डोंगर अजून हिरवे असतात, ओढ्यांना पाणी असते, उतारांवर सोनकी फुललेली असते आणि आडवाटेच्या रस्त्यांवर तासन् तास एखाददुसऱ्या दुचाकीपलीकडे वाहन भेटत नाही.

यंदा कोजागरी ते वसुबारस या काळात तीन दिवस काढायचे ठरवले आहे. पहिल्या दिवशी जुना कात्रज घाट आणि कापूरहोळमार्गे भोर, दुसऱ्या दिवशी मांढरदेवीचा घाट चढून वाई आणि तिसऱ्या दिवशी महामार्गाने परत, असा आराखडा आहे. दोघांच्याही सायकली रोड बाइक प्रकारच्या आहेत. टायर २८ मिलिमीटरचे, ब्रेक रिमवर दाबणारे, पुढे ५०-३४ आणि मागे ११ ते ३२ दात, अशी रचना आहे.

विचारण्याचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही नसरापूरहून वेल्ह्याकडे जात असताना एका वळणापलीकडे अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेले होते. मी वेगात होते, दाण्यांवर पुढचे चाक सरकले आणि मी पडले. कोपर खरचटण्यापलीकडे मला काही झाले नाही, परंतु माझ्यासोबत बरेचसे भात कडेच्या ओल्या गटारात गेले. तिथे राखण करणाऱ्या आजींनी आधी मला पाणी दिले आणि मग त्या ओले दाणे मुठीमुठीने वेचत बसल्या. आम्हीही वेचू लागलो, पैसे देऊ केले, त्यांनी ते घेतले नाहीत. ती गोष्ट मनातून जात नाही. या दिवसांत अशा रस्त्यांवरून जायचे असेल तर नेमके कधी जावे आणि कसे जावे, जेणेकरून आमचा आनंद कोणाच्या कष्टांवर पडणार नाही, हे मला जाणून घ्यायचे आहे. त्याबरोबरच मांढरदेवीचा उतार रिम ब्रेकवर कितपत सुरक्षित आहे आणि दुपारच्या वळवासारख्या पावसाचे काय करावे, हेही सांगावे.


भातखाचर (भोर तालुका)

ताई, नमस्कार.

मी शाळेत शिकवतो आणि घरची भातशेती आहे, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. आपण पैसे देऊ केलेत त्यापेक्षा सोबत बसून दाणे वेचलेत, हे त्या आजींच्या लक्षात राहिले असेल.

भात रस्त्यावर का येते, हे आधी सांगितले पाहिजे. पूर्वी प्रत्येक वाडीला शेणाने सारवलेली खळी असत. आता बैल कमी झाले, खळी मोडली, त्या जागांवर घरे झाली किंवा गवत वाढले. पाऊस नुकताच उघडलेला असल्याने खाचरांत आणि अंगणांत खालून ओल येत असते आणि अशा जमिनीवर ताडपत्री अंथरली तरी भाताला दमटपणा लागतो. डांबर मात्र सकाळी दहाच्या सुमारास तापू लागते आणि दुपारपर्यंत चांगले गरम होते. दाणा नीट वाळला नाही तर साठवणीत त्याला बुरशी धरते आणि फार वाळला तर भरडताना त्याची कणी होते. म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने कोणीतरी पाय ओढत त्या भातातून फिरते, म्हणजे खालचा दाणा वर येतो. आपण पाहिलेल्या आजी बहुधा त्याच कामासाठी तिथे होत्या. रस्ता अडवणे कायद्याला धरून आहे असे मी म्हणणार नाही, पण दुसरी कोरडी आणि सपाट जागा अनेकांकडे नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आता वेळापत्रक पाहू. आमच्याकडे हळवे, निमगरवे आणि गरवे अशा तीन प्रकारांची भाते असतात. हळवे भात दसऱ्याच्या आसपास कापणीला येते, निमगरवे त्यानंतर आणि गरवे दिवाळीत किंवा दिवाळीनंतर. हल्ली इंद्रायणी या भाताच्या वाणाची लागवड सर्वाधिक असल्याने कापणीचा मोठा जोर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असतो. कापलेले भात तीन-चार दिवस खाचरातच पसरून ठेवतात, मग भारे बांधून झोडणी होते आणि त्यानंतर दाणे रस्त्यावर येतात. म्हणजे आपण कोजागरीनंतरच्या चार-पाच दिवसांत निघालात तर भोर परिसरात रस्ते बरेचसे मोकळे मिळतील आणि दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली उभी शेते दिसतील. वसुबारसेच्या जवळ आलात तर रस्त्यावर भात भेटणारच, असे धरून चालावे. अर्थात पाऊस लांबला की हे सगळे आठवडाभर पुढे सरकते.

दिवसातल्या वेळेचाही विचार करावा. सकाळी नऊपर्यंत दव असते म्हणून कोणी काही पसरत नाही आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास भात गोळा करून झाकून ठेवतात. म्हणून पहाटे उजाडताच निघून साडेनऊ-दहापर्यंत दिवसाचे निम्म्याहून अधिक अंतर कापणे उत्तम.

तरीही भात आडवे आलेच तर दोन गोष्टींतला फरक ओळखावा. नाचणीची कणसे, कुळीथ किंवा सोयाबीनची काडे रस्त्याच्या मधोमध मुद्दाम पसरलेली असतात, कारण वाहने वरून जाऊन मळणी व्हावी हाच त्यामागचा हेतू असतो. मोटारीचे ठीक आहे, सायकलने मात्र त्यातही शिरू नये. काडी मागच्या गिअरमध्ये गुंतते आणि साखळी ओढली जाऊन गिअर तोलून धरणारा भाग वाकू शकतो. याउलट वाळत घातलेला सुटा दाणा कडेला, बहुधा दगडांची रांग लावून, एका बाजूला ठेवलेला असतो. त्यावर टायर गेला की दाण्याचे टरफल निघते आणि तो दाणा बियाण्याला चालत नाही. शिवाय कोरड्या डांबरावर सुटे दाणे म्हणजे पायाखाली फिरणाऱ्या गोळ्याच. तेव्हा वळणाआधी वेग कमी करावा, समोरून वाहन येत असेल तर थांबावे, आणि मोकळी बाजू अरुंद असेल तर खाली उतरून सायकल हातात धरून जावे. पन्नास पावलांचा प्रश्न असतो. आणि जाता जाता राखणदाराशी दोन शब्द बोलावेत. यंदा भात कसे उतरले, एवढे विचारले तरी पुरे होते.

एक सूचना राहिली. याच दिवसांत शेतांची कुंपणे नवी करतात आणि बाभळीच्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेतात. त्यांचे काटे डांबरावर पडून राहतात. माझ्या पाहण्यात या महिन्यातली बहुतेक पंक्चरे त्यामुळे होतात. कडेची पांढरी पट्टी सोडून हातभर आतून चालवावे आणि प्रत्येकाने दोन जादा ट्यूब जवळ ठेवाव्यात.


कृष्णाकाठ (वाई)

वरील उत्तर इतके नेमके आहे की त्यात मी भर घालत नाही. मी घाटाविषयी सांगतो, कारण मांढरदेवीचा रस्ता मी वर्षातून आठ-दहा वेळा तरी करतो.

भोर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि मांढरदेवीचा डोंगर सुमारे १,४०० मीटर उंचीचा. सगळी चढण सलग नाही. सुरुवातीला शेतांतून हळूहळू चढणारा रस्ता आहे, पुढे खरा घाट लागतो आणि मग पुन्हा थोडा श्वास घेता येतो. पुढे ३४ आणि मागे ३२ दात ही जोडणी पुरेशी आहे, मात्र घाटाच्या पायथ्याशी उत्साहाच्या भरात जोर लावू नये. ऑक्टोबरमधल्या उन्हाला लोक कमी लेखतात. पारा ३२ अंशांच्या आसपासच असतो, पण हवेत पावसाळ्याचा दमटपणा शिल्लक असतो, वारा पडलेला असतो आणि दरीच्या आतल्या वळणांवर घाम वाळतच नाही. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी आणि त्यांपैकी एकीत मीठ-साखर-लिंबू घालून ठेवावे. भोर सोडताना सकाळचे साडेसहा वाजलेले असावेत. सूर्योदयही साधारण तेव्हाच असतो.

उताराबाबत आपली काळजी योग्य आहे. वाईच्या बाजूला रस्ता लांब उतरतो आणि पावसाळ्यानंतर त्यात तीन गोष्टींचा धोका असतो. पहिली म्हणजे शेवाळ. डोंगरातून झिरपणारे पाणी जिथे रस्त्यावर येते आणि ऊन पोहोचत नाही, अशा वळणांवर डांबर काळपट हिरवे दिसते. अशा जागी ब्रेक आधीच लावून घ्यावेत आणि प्रत्यक्ष वळणात चाक मोकळे सोडावे. दुसरी म्हणजे मुरूम आणि खडी, जी पाण्याने वाहून येऊन नेमकी वळणाच्या आतल्या बाजूला साचते. तिसरी गोष्ट फक्त रिम ब्रेकवाल्यांची आहे. ब्रेक सतत हलकासा दाबून ठेवला तर रिम तापते, आतल्या ट्यूबमधली हवा फुगते आणि ट्यूब फुटू शकते. त्याऐवजी थोडा वेळ जोरात दाबून वेग पूर्ण खाली आणावा, मग सोडून रिमला वारा लागू द्यावा. अर्ध्या उतारावर पाच मिनिटे थांबून रिमला हात लावून पाहावा. निघण्याआधी ब्रेकचे रबर काढून त्यात रुतलेले बारीक खडे सुईने काढून टाका. पावसाळाभर चालवलेल्या सायकलीत ते हमखास असतात आणि रिम खरवडतात.

हवेच्या दाबाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये शंभर पीएसआय भरून येणारे अनेक जण भेटतात. पावसाने उखडलेल्या रस्त्यावर तेवढा दाब त्रासाचा ठरतो आणि पकडही कमी होते. आपले वजन साठ किलोंच्या आसपास असेल तर पुढे ६५ आणि मागे ७० पुरे.

पावसाचे म्हणाल तर आमच्या भागातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो, पण जाता जाता दुपारनंतर गडगडाटासह सरी देतो. सकाळ निरभ्र असली तरी अकराच्या पुढे ढगांचे मनोरे उभे राहू लागले तर दोनपर्यंत माथा सोडलेला असावा. मांढरदेवीचा माथा उघडा आहे. तिथे विजेच्या वेळी सायकल घेऊन थांबणे मुळीच योग्य नाही.

आणखी एक. मांढरदेवीच्या माथ्यावरच्या काळूबाईच्या दर्शनाला मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते. तेव्हा कोजागरीचाच दिवस घाटासाठी निवडू नका. बुधवार किंवा गुरुवार धरलात तर घाटात पक्ष्यांचे आवाज ऐकू येतील.

आता माझी खरी सूचना. तिसऱ्या दिवशी लगेच परत न फिरता तो दिवस वाईला ठेवा आणि फेरी चार दिवसांची करा. वाईहून मेणवली आणि धोम हा रस्ता सपाट आणि सावलीचा आहे. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट पाहावा; धोमला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे, तोही पाहावा. बहुतेक सायकलस्वार धोमच्या धरणापाशी फोटो काढून परततात. तसे न करता जलाशयाच्या कडेने दरीत आत, बलकवडी धरण आणि जोर गावाच्या दिशेने जावे. पुढे महाबळेश्वरच्या कड्यांखाली दरी बंद होते, मोटारींना पलीकडे जायला वाट नाही, आणि म्हणूनच तिथे रहदारी नाही. एका हाताला जलाशय, दुसऱ्या हाताला भाताची आणि नाचणीची उतरती शेते आणि समोर कड्यांची भिंत. शरदात यापेक्षा शांत रस्ता आमच्या तालुक्यात मला तरी माहीत नाही. पसरणी घाटाने पाचगणीला जाण्याचा मोह होईल. चढ चांगला आहे, साधारण बारा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर, परंतु सुट्टीच्या दिवसांत त्या घाटात पर्यटकांच्या मोटारींची रांग असते. शांतता हवी असेल तर तो या खेपेला सोडा.


रानवाट (पुणे)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नाचणी आणि भात यांतला फरक मला ठाऊक नव्हता. मी सगळेच रस्त्यावर वाळत घातलेले धान्य समजत होते. कोजागरीनंतरच्या बुधवारी भोर सोडायचे आणि एक दिवस जोरच्या दरीसाठी ठेवायचा, हे आम्ही ठरवून टाकले आहे.

आता परतीचा प्रश्न उरतो. वाईहून सुरूरला येऊन महामार्गाने शिरवळ आणि पुढे पुणे, हे अंतराने सोयीचे दिसते. कोणी या दिवसांत तसे केले आहे का? शिवाय ऊसतोडणी सुरू झाल्यावर संध्याकाळी रस्त्यावर राहणे कितपत योग्य आहे?


दीर्घपल्ला (फलटण)

ताई, महामार्गाचा विचार कृपया सोडून द्या. साताऱ्याकडून पुण्याकडे येणारी वाहने खंबाटकीला घाटातून नव्हे तर बोगद्यातून येतात, म्हणजे आपल्याला जड वाहनांच्या सोबत बोगदा आणि त्यानंतरचा वळणाचा उतार पार करावा लागेल. मी २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, केल्या आहेत. रात्री, पावसात, धुक्यात सायकल चालवली आहे, तरीही सायकलवर बोगद्यात शिरणे मला कधीच पटले नाही. धुराने डोळे चुरचुरतात आणि मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज भिंतींवर आपटून इतका वाढतो की तो किती अंतरावर आहे हे कळत नाही.

त्याऐवजी आल्या वाटेने मांढरदेवीवरून भोरला परत या. उलट बाजूने तोच रस्ता वेगळा वाटतो, प्रकाशही वेगळा असतो. भोरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कापूरहोळला महामार्ग फक्त ओलांडा आणि नारायणपूरमार्गे सासवड गाठा. पुरंदरच्या पायथ्याचा हा रस्ता मला फार आवडतो. नारायणपूरचे नारायणेश्वराचे जुने देऊळ वाटेतच आहे आणि या दिवसांत सासवडकडे सीताफळांच्या पाट्या घेऊन शेतकरी कडेला बसलेले असतात. सायकलवरून उतरून सावलीत बसून दोन पिकलेली सीताफळे खाणे हा माझा नेमाचा थांबा आहे. सासवडहून बोपदेव घाट उतरला की आपण कोंढव्यात पोहोचता. दिवे घाटापेक्षा तो अरुंद आहे, म्हणून तिथे सकाळीच पोहोचावे. यात एक मुक्काम वाढतो हे मान्य आहे, पण महामार्गाचा एकही लांब टप्पा राहत नाही.

उसाबद्दल गांभीर्याने सांगतो, कारण आमच्या भागातला हा हंगाम मी लहानपणापासून पाहतो आहे. गाळप साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू होते. भुईंज परिसरातही साखर कारखाना आहे, त्यामुळे वाईच्या पूर्वेकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसू लागतात. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट बाहेर आलेला असतो आणि मागच्या ट्रॉलीला कित्येकदा दिवा नसतो. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा पुढचा भाग आपल्याला चुकवून जातो, परंतु दुसरी ट्रॉली वळणावर आत ओढली जाते. अशा वेळी कडेला पूर्ण थांबून त्याला पुढे जाऊ द्यावे. त्याच्याशी वेगाची बरोबरी करू नये. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो आणि पाठोपाठ अंधार पडतो, म्हणून साडेपाचला मुक्कामी असावे. मागे एक स्थिर आणि एक लुकलुकणारा असे दोन लाल दिवे दिवसाही सुरू ठेवावेत आणि अंगात परावर्तक पट्ट्यांचे जाकीट असावे.

पहाटे याच रस्त्यांवरून ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या जातात. बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून बिऱ्हाडासह आलेली ही माणसे अंधार असतानाच फडाकडे निघतात. त्यांच्या बैलांच्या डोळ्यांवर आपला पुढचा प्रखर दिवा पडला तर जनावर बिथरते, तेव्हा गाडी दिसताच दिवा खाली वळवा. दिवाळीनंतर निघालात तर धनगरांचे कळपही भेटतील. मेंढ्यांमधून वाट काढण्यापेक्षा कळप जाईपर्यंत थांबा आणि राखणीचा कुत्रा अंगावर आला तर पळ न काढता उतरून सायकल स्वतःच्या आणि त्याच्या मध्ये धरा.


रानवाट (पुणे)

फेरी पूर्ण करून काल परतलो. सर्वांना कळवणे हे माझे कर्तव्य आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

पाच दिवसांत दोन पंक्चरे झाली आणि दोन्ही बाभळीच्या काट्यांनी, दोन्ही भोरजवळ. मांढरदेवीला आम्ही सव्वानऊला पोहोचलो. उतारावर तीनदा थांबून रिम निववल्या. दुसऱ्या थांब्याला ती हात ठेवता येणार नाही इतकी तापली होती. शेवाळाची दोन वळणे ओळखता आली. जोरच्या दरीत चार तासांत आम्हाला एक एस. टी., दोन दुचाकी आणि गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या बायका, एवढेच भेटले. भाच्याने एरवी कानात घालायचे गाणे त्या दिवशी काढून खिशात ठेवले.

परतीला भोरच्या अलीकडे एका वाडीपाशी हळव्या भाताचा पहिला पट्टा रस्त्यावर पसरलेला होता. आम्ही उतरलो. राखणीला एक मुलगी होती, सातवी-आठवीतली. भात कसे उतरले असे विचारल्यावर तिने दोन दाणे सोलून आमच्या हातावर ठेवले आणि हे अजून ओले आहेत, दाताखाली घेतले तर मऊ लागतात, असे सांगितले. मग ती पाय ओढत पुन्हा भातातून चालू लागली. तिच्या परवानगीने भाचाही बूट काढून दोन फेऱ्या मारून आला.

सासवडला सीताफळे मिळाली. बोपदेव घाटात सकाळी आठ वाजता पोहोचलो, तरी वाहने बरीच होती. पुढच्या वर्षी त्या भागासाठी आणखी कोणता रस्ता सुचवता येईल का?